सासरी गेलेली चाल

मे महिना आहे, रात्रीचे पावणेदहा वाजलेत, आणि तुम्ही घणसोली गावठाणातल्या एका हळदीत उभे आहात. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना चार-चार मजल्यांची घरं, वर ताडपत्रीचा मांडव. मांडवाच्या तोंडाशी माणसाएवढे स्पीकर लावलेत. एकवीरा आईच्या गाण्याचं डीजे रिमिक्स चालू आहे आणि ठेका असा, की पायाखालची लादी थरथरते. एकाच रंगाच्या साड्या नेसलेल्या बायका, हळदीने माखलेला नवरदेव, त्याला खांद्यावर घेऊन नाचणारे मामा. मागच्या बाजूला तांदळाच्या भाकऱ्या आणि मटणाची एक पंगत उठते आहे, दुसरी बसते आहे. जाता जाता कुणीतरी तुमच्याही गालाला हळद फासून जातं. नाचा. इथे नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही.

दहा वाजतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नको, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक गावठाणालाही लागू आहे. स्पीकर बंद होतात. कान थोडा वेळ गुणगुणत राहतात. आणि मग घराच्या आतून एक बारीक, घोगरा, पण सुराला पक्का आवाज ऐकू येतो. तो मघापासून चालूच होता. स्पीकरपुढे त्याचं काही चाललं नव्हतं इतकंच.

चपला काढून आत जा. आतल्या खोलीत तांदळाने चौक पुरलाय, त्यावर पाट, नारळ, शेजारी दिवा. पाटाजवळ सत्तरी ओलांडलेली एक बाई बसली आहे. ही धवलारीण. आगरी घरांत लग्न लावण्याचा मान परंपरेने तिचा. आता मंगलाष्टकांना भटजी येतात, पण मांडव, देवक, घाणा, हळद या साऱ्या विधींना तिचं गाणं लागतंच, कारण तिच्या गाण्याखेरीज विधी पुरा होत नाही असं घरातली वडीलधारी मंडळी आजही मानतात. ती गाते ते धवले. ती आधी देवांना लग्नाला बोलावते: गावदेव, कुलदैवत, मग घरातली गेलेली माणसं. एक ओळ ती म्हणते, तीच ओळ मागे बसलेल्या दोघी उचलतात. वाद्य नाही, टाळी नाही. चारपाच स्वरांच्या आत सगळं चालतं.

आता नीट ऐका. ही तीच चाल आहे, जिच्यावर तुम्ही दहा मिनिटांपूर्वी नाचत होता. बाहेर ती चौपट वेगाने पळत होती, इथे ती बसून आहे. आणखी एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा. ओळीचा शेवटचा स्वर ती सोडत नाही. तो ओढते, जरा खाली उतरवते, श्वास संपत आला की अलगद ठेवून देते, आणि तो स्वर पूर्ण विरायच्या आत मागच्या दोघी ओळ उचलतात. डीजेच्या तुकड्यात ही ओढ नव्हती. चार मात्रांचं आवर्तन फिरत ठेवायचं तर शेवट कापावाच लागतो.

तुम्हाला विचारावंसं वाटतं, आजी, ही चाल आली कुठून? विचारू नका, चौकावर बसलेल्या बाईला मध्येच थांबवायचं नसतं. त्यापेक्षा त्या शेवटच्या स्वराची ओढ धरून मागे चला.

साल 1992. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार जानेवारीत सुरू झालाय आणि आत्ता, मे महिन्यात, मानखुर्दच्या पुढे खाडी ओलांडून पहिली लोकल वाशीला आली आहे. तुम्ही कोपरखैरण्याला आहात. घरं अजून कौलारू, पुढे ओटी, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत नोकरीला असलेल्यांच्या घरांवर स्लॅब पडू लागलेत. वरात निघाली आहे. पुढे ढोल, ताशा, खुळखुळे. मध्ये हातगाडीवर बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर. आणि गाडीच्या पुढे, गळ्यात पट्टा अडकवून, विशीतला एक मुलगा बेंजो वाजवतो आहे.

जवळ जाऊन हे वाद्य बघाच. परदेशातला कातडी मढवलेला बँजो हा नव्हे. हात-दीड हात लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर एका सुरात लावलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरच्या धर्तीची बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं की खालची पट्टी तारेवर टेकते आणि स्वर मिळतो. उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पत्तीने तार छेडायची. पेटीवर पिकअप बसवला की तिचा आवाज ढोलताशाच्या वर जातो. मुंबईच्या गणपतीत, दहीहंडीत, कोळीवाड्यांच्या आणि आगरी गावांच्या वरातींत हेच वाद्य गायकाची जागा घेतं. रवी जाधवांनी 2016 साली त्याच नावाचा हिंदी चित्रपट काढला, तोवर त्याची दखल घ्यावी असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं.

मुलाची बोटं पाहा. चाल तीच, आतल्या खोलीतली. त्याला कुणी ती बसून शिकवलेली नाही. नोटेशन त्याने पाहिलेलं नाही. घरच्या लग्नांत, काका-मामांच्या लग्नांत, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपेत आणि जागेपणी ती शेकडो वेळा त्याच्या कानांवरून गेली आहे. बायकांनी जपलेलं गाणं पुरुषांच्या वाद्यावर आलं ते असं, ओटीवरून. पण वाद्यावर आणताना एक अडचण होती. बेंजोची तार छेडली की स्वर क्षणात विरतो. धवलारणीचा शेवटचा ओढलेला स्वर त्यावर निघणार कसा? आता ओळ संपते आहे, उजवा हात बघा. शेवटच्या स्वरावर तो पत्ती इतक्या भरभर थरथरवतो की वेगवेगळे टोले ऐकूच येत नाहीत, स्वर सलग उभा राहतो. मग डावं बोट एक बटण खाली येतं, थरथर तशीच, आणि ओढ पुरी होते. आजीचा श्वास जितका टिकायचा तितकीच ती टिकते. पुढे नाचणाऱ्यांना घाई आहे, पण तो शेवट कापत नाही.

बेंजोने लोकसंगीत बिघडवलं असं बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांना या मुलाचा उजवा हात दाखवावा. लाउडस्पीकर, पक्की घरं आणि कारखान्याच्या पाळ्या आल्यावर धवलारणीचा आवाज घराबाहेर पोचणं शक्य नव्हतं. ती चाल रस्त्यावर आणली, पुढच्या पिढीच्या पायांत घातली ती बेंजोने, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

या पेटीचा जन्म पाहायचा तर 1912 सालच्या जपानात, नागोयाला जावं लागेल. गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने दोन तारांच्या जुन्या जपानी वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं जोडली आणि त्याला ताइशोगोतो म्हटलं. घरगुती, स्वस्त, पटकन जमणारं वाद्य म्हणून ते खपलं. समुद्रमार्गे ते आपल्याकडे आलं, बुलबुलतरंग झालं. कराचीकडच्या बलुच वादकांनी त्याची पेटी मोठी केली, आवाज भारदस्त केला, आणि बेंजू या नावाने ते आज बलुची संगीतातलं एक प्रमुख वाद्य आहे. मुंबईच्या पोरांनी त्याला वीज जोडली. नागोयातल्या माणसाच्या स्वप्नातही घणसोलीची हळद नसणार.

आणखी एक वळण घ्या, गोव्याकडे, कारण खाडीपलीकडच्या मुंबईत तारवाद्यावरून चाल पसरण्याचा दुसराच रस्ता तिथून आला. गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यानपिढ्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. मांडो आणि देखणी या गीतांना व्हायोलिन आणि घुमटाची साथ. ती मुलं पोटासाठी मुंबईत आली, आधी बँडमध्ये, मग सिनेमाच्या वाद्यवृंदात. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1973 सालच्या ‘बॉबी’मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतात गोव्याची एक जुनी देखणी, ‘हांव सायबा’ म्हणून सगळे ओळखतात ती, नव्या हिंदी शब्दांत अवतरली आणि देशभर पोचली. त्या देखणीचा कवी मात्र हरवला नाही. कार्लुश यूजेनियो फेरेरा हे नाव टिकलं, कारण ती कागदावर उतरली होती. इकडे आगरी मांडवात कागद नव्हता. चाल राहिली, नावं गेली.

परत या, आणि मागे. पण 1984 च्या जानेवारीतून जाताना थांबावं लागेल. जासई. 16 आणि 17 तारखेला दास्तान फाटा आणि नवघर इथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरलेत. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण पडतात. सिडको 17 मार्च 1970 ला स्थापन झाली तेव्हा 95 गावांच्या जमिनी नवी मुंबई वसवण्यासाठी घ्यायच्या ठरल्या होत्या; मोबदल्याचं भांडण इथवर आलं. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत देण्याची योजना या रक्तातून आली. इथे गाणं ऐकू येत नाही, आणि ऐकू येण्याची अपेक्षाही करू नका.

1973. वाशीचा पूल खुला झालाय. त्याआधी मुंबईला जायचं तर होडीने, नाहीतर ठाण्याला वळसा घालून. घराघरांत ट्रान्झिस्टर आहे, आणि त्यातून कोळीगीतं ऐकू येतात: शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचा आवाज. किनाऱ्यावरचा ठेका शहरात गेला, स्टुडिओत घडला आणि तबकडीवरून परत किनाऱ्यावर आला. अंगणात भात निवडणाऱ्या बायका ते ऐकतात, आवडलेला तुकडा उचलतात, रात्री हळदीच्या नाचात आपल्या ओळींना जोडून टाकतात. यात भेसळ बघणाऱ्यांशी माझं जमत नाही. चालीला जिवंत राहायचं तर तिने इकडचं तिकडचं खाल्लंच पाहिजे.

अजून मागे. 1931 चा वैशाख. ठाण्याच्या खाडीच्या कडेला, मिठागरांच्या आणि खाजणातल्या भातखाचरांच्या मध्ये गाव आहे. वीज नाही. ओटीवरचे पुरुष हळू आवाजात चिरनेरबद्दल बोलताहेत. गेल्या 25 सप्टेंबरला तिथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यातले काही जण कुणाकुणाच्या नात्यातले. मिठागरावरची कामं आटोपत आली आहेत, पाऊस महिन्यावर आला आहे, म्हणून लग्नांची घाई. भरतीची वेळ गाठून वऱ्हाडाची होडी निघायची आहे. नवरी गव्हाणकडची, दिलीय इकडे, घणसोलीच्या बाजूला. पनवेलच्या खाडीतून बाहेर, मग ठाण्याच्या खाडीने वर.

तुम्ही होडीत बसा, नवरीच्या मागे. पंधरा वर्षांची पोर. तिच्या पेटीत काय आहे ते सगळ्यांनी मोजून ठेवलंय: लुगडी, भांडी, चांदीचे चार दागिने. तिच्या डोक्यात काय आहे ते कुणी मोजलेलं नाही. आईच्या मागे बसून तिने धवले ऐकलेत. सातआठ वर्षांची असल्यापासून मागची ओळ उचललीय. आधी नुसता शेवटचा शब्द, मग अर्धी ओळ, मग सगळी. चुकली की आईने डोळे वटारले, बरोबर आली की काहीच म्हटलं नाही. कुठल्या विधीला कुठला धवला, कुठल्या देवानंतर कुठला देव, हे तिला पाठ आहे आणि आपल्याला ते पाठ आहे हे तिला अजून माहीत नाही.

सासरी पहिली हळद येते, दिराची. ती मागे बसते, ओळ उचलते आणि शेवटचा स्वर माहेरच्या सवयीने खाली उतरवते. बाजूच्या चुलतसासवा वळून बघतात. या गावात तो स्वर सरळ ठेवतात, उतरवत नाहीत. आमच्याकडे असं नाही म्हणत, गप बस नि ऐक. ती गप बसते. वर्षानुवर्षं ऐकते, सासरच्या वळणाने म्हणते. मुलं होतात, आवणी-लावणी होते, सासू जाते, चुलतसासवा थकतात. मग एका लग्नात चौकापुढे बसायला दुसरं कुणी उरत नाही आणि तिला पुढे बसवतात. देवांना बोलावून होतं, ओळ संपते, आणि शेवटचा स्वर आपोआप खाली उतरतो. आता वळून बघणारं कुणी नाही. मागे बसलेल्या सुना तोच उचलतात. तिथून पुढे त्या गावाची रीत तीच.

घणसोलीच्या मांडवात तुम्ही ऐकलेली ओढ अशी खाडी ओलांडून आली. चाल पसरवायला इथे फिरता कलावंत नव्हता, दरबार नव्हता, छापखाना तर नव्हताच. मुलगी दिली की तिच्यासोबत चाल जायची. आपल्या गावची मुलगी बाहेर, बाहेरची मुलगी आपल्याकडे, असं सोयरिकींचं जाळं उरण, पनवेल, बेलापूर, ठाणे, अलिबाग असं पसरलेलं. धवल्यांचा नकाशा काढला तर तो या जाळ्यावरच बसेल. म्हणून दोन शेजारच्या गावांत चाल निराळी सापडते आणि खाडीपलीकडच्या दूरच्या गावात हुबेहूब सापडते. शेजारापेक्षा व्याह्याची चाल जवळची.

हवं तर एक लांब उडी मारा. तेराव्या शतकात, रिद्धपूरला. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडलाय आणि महदाईसा धवळे रचून गाते आहे. मराठीतल्या आद्य कवयित्रीचं हे काव्य लग्नगीत आहे. त्याच शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकर’ लिहितो आणि त्यातल्या प्रबंधांच्या यादीत धवल आणि ओवी ही दोन्ही नावं घालतो. म्हणजे बायकांच्या तोंडचं हे गाणं तेव्हाच इतकं रुजलेलं होतं की शास्त्रकाराला त्याची नोंद घ्यावी लागली. रिद्धपूरची चाल आणि घणसोलीची चाल एक आहे असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. लग्नात बाईने गाऊन देवांना बोलवायचं, ही रीत मात्र एकच आहे.

आता सरळ आपल्या काळात या, पण घणसोलीला नको. उलव्याच्या बाजूला चला. 2025 साली उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या जागेवर दहा गावं होती: चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचं ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. घरं हलली, देवळंही हलली. धवल्यात देवांना त्यांच्या ठिकाणासकट हाक मारायची असते: वेशीवरचा, तळ्याकाठचा, आंब्याखालचा. सेक्टरमधल्या नव्या मांडवात बसलेल्या म्हातारीने कुठला आंबा म्हणायचा? जुनंच ठिकाण म्हटलं तर त्या गावाचा शेवटचा नकाशा तिच्या गळ्यात आहे. आणि तो तिच्याबरोबर जाईल, कारण मागे बसून ओळ उचलणाऱ्या मुली आता कमी झाल्यात. त्या शिकताहेत, नोकऱ्या करताहेत, आणि ते चांगलंच आहे. पण पूर्वी मागे बसून पंधरा वर्षं ऐकून जे आपोआप यायचं, ते आता आपोआप येणार नाही.

हे जपता येतं. पुणे जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कार्यकर्त्या बायकांना सोबत घेऊन गोळा केल्या, गाणारणींच्या नावागावासकट. दळण गिरणीत गेलं, जाती अडगळीत पडली, ओव्या राहिल्या. धवल्यांसाठी तर त्याहून कमी लागेल, कारण धवलारीण अजून गाते आहे आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे.

तेव्हा तुमच्या घरात किंवा सोयऱ्यांकडे पुढची हळद असेल तेव्हा डीजेचा व्हिडिओ एक कमी काढा. आत जाऊन धवलारणीला विचारा, ती हो म्हणाली तर तिच्यासमोर मोबाइल ठेवा आणि धवला पहिल्या देवापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता, रेकॉर्ड करा. नंतर चहा घेताना तिचं नाव, माहेरचं गाव आणि ती कुणाच्या मागे बसून शिकली त्या बाईचं नाव लिहून घ्या. आणि तुम्ही स्वतः गाणी करत असाल, तिची चाल घेऊन यूट्यूबवर टाकणार असाल, तर खाली नुसतं ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होऊ नका. आधी तिचं नाव लिहा.